नानांच्या लेकीचं लग्न गायब

ऐकलंत तर म्हणाल, याच्या हातात कॉम्प्युटर दिला कोणी? कोणी नाही हो, मीच घेतला.

पिंप्राळ्यात आमचा फोटो स्टुडिओ. फोटो मी काढतो, अल्बम बायको सुनीता करते. दोघांचे दोन कॉम्प्युटर, दोन्हींवर लिनक्स. पेनड्राइव्ह घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर जायचा मला भारी कंटाळा. म्हटलं, नेटवर्कवर जोडूनच टाकू. व्हिडिओ बघून तिच्या कॉम्प्युटरवर 'लग्न' नावाचं नवंकोरं फोल्डर केलं आणि ते माझ्या 'लग्न' फोल्डरवर माउंट केलं, म्हणजे जोडून बसवलं. मग माझं फोल्डर उघडलं, तर आत काहीच नाही.

त्यात तर धुळ्याकडच्या नानांच्या एकुलत्या एक लेकीचं अख्खं लग्न होतं. फोटो मी अजून नीट पाहिलेही नव्हते आणि कॅमेऱ्याची कार्डं पुसून बसलो होतो. सुनीता माहेरी. तिला सांगायची माझी काय टाप? नानांनाच फोन लावला.

"बठ्ठा फोटो गयात?"

"हो, नाना. सगळेच."

नाना म्हणाले, "परत लगीन लावू. ऐतवारले ये."

मला वाटलं, चिडून बोलताहेत. रविवारी जाऊन बघतो तर काय, दारात मंडप, फेटा बांधलेला जावई, अंतरपाट धरून मामा आणि गावासाठी वरण-बट्टी. मी लगेच कॅमेरा बाहेर काढला. पण या वेळी कोणाला घाई नव्हती. नवरीसुद्धा रडायचं सोडून हसत होती.

सोमवारी सुनीता आली. माझा कॉम्प्युटर बघितला आणि कपाळाला हात लावला. "अहो, माझं रिकामं फोल्डर तुमच्या भरलेल्यावर बसवलंत. खालचं फक्त झाकलं गेलंय." तिने जोड काढली. जुने फोटो जिथल्या तिथे.

अख्खं गाव मी दुसऱ्यांदा पंगतीला बसवलं होतं, तेही उगाचच. आता नानांना तोंड कसं दाखवू?

नाना स्वतःच आले. दोन्ही लग्नांचे फोटो स्क्रीनवर शेजारी शेजारी लावून पाहिले. पहिल्यात जावयाचा फेटा अर्धा कापलेला, मामाचे डोळे मिटलेले आणि हार घालताना मधोमध माझा अंगठा. नानांनी चष्मा काढला.

"भाऊ, ते तू दाबेल व्हतं ना..."

"कोणतं, नाना?"

"जुना फोटो गायब करानं. ते परत दाब."