कागदाआडचे शब्द

इंग्रजी मला वाचता यायचं. शिवडीला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात मी कितीतरी वर्षं जहाजाच्या मालाची कागदपत्रं करते, त्यामुळे दिवसभर इंग्रजीच डोळ्यांखालून जातं. ईमेलही मीच लिहिते. परळच्या मराठी शाळेत शिकलेली असले तरी माझ्या लिहिण्यात कुणी कधी चूक काढली नाही. मला भीती वाटायची ती तोंडच्या इंग्रजीची. टेबलावरचा फोन वाजला की मी उगाच फाइल शोधायला कपाटाकडे जायचे, म्हणजे दुसरं कुणीतरी उचलेल.

जुने साहेब निवृत्त झाले आणि त्यांचा मुलगा ऑफिसात बसू लागला. तसा भला मुलगा. त्याने पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "मॅडम, बाहेरच्या पार्टीशी यापुढे तुम्हीच बोला. फाइल तुम्हाला पाठ असते, मग मध्ये मी कशाला?"

पुढच्याच व्हिडिओ कॉलवर परदेशातला एक माणूस बराच वेळ बोलला आणि थांबला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला आवाज ऐकू आला होता, पण शब्द एकही नाही. मी हसून म्हटलं, "येस, येस."

कॉल संपल्यावर नव्या साहेबांनी विचारलं, "मॅडम, येस काय? तो विचारत होता, माल का अडकलाय?"

त्या संध्याकाळी मी दादरच्या एका क्लासला नाव घातलं. एका जुन्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये तो भरायचा. शिकवणाऱ्या बाई कॉलेजातून निवृत्त झालेल्या होत्या आणि त्यांना व्याकरणात फारसा रस नव्हता. त्यांचं म्हणणं एकच, वाचा आणि ऐका. रोज एक उतारा मिळायचा, पण आधी प्रश्न वाचायचे आणि मगच उतारा. मग त्या रेकॉर्डिंग लावायच्या आणि आम्ही गाळलेल्या जागा भरायच्या. कधी भिंतीवर कागद चिकटवायच्या. जोडीतल्या एकाने धावत जाऊन वाक्य वाचायचं, परत येऊन ते जोडीदाराला सांगायचं आणि त्याने लिहायचं. पन्नाशीला टेकलेली मी साडीचा पदर खोचून त्या भिंतीकडे पळायचे.

माझी जोडीदार परळच्या एका हॉस्पिटलातली नर्स होती. मूळची मालवणकडची, तिशीच्या आतली. परदेशी नोकरीसाठी तिला परीक्षा द्यायची होती. ती मला ताई म्हणायची. वाचून मी सांगायचे तेव्हा आमची जोडी पहिली यायची. तिने सांगायचं आणि मी लिहायचं, असं असलं की आमचा कागद बघून वर्ग हसायचा. मीही हसायचे, पण तो कागद पटकन उलटा करून ठेवायचे. रेकॉर्डिंगचं बटण दाबायला बाईंचा हात पुढे झाला की मला शाळेतल्या छडीसारखी धास्ती वाटायची. सगळ्यांची पेनं कागदावर चालू व्हायची आणि मी मात्र शेजारणीच्या पेनाकडे बघत बसायचे.

एकदा बाईंनी जोड्यांना पाठीला पाठ लावून बसवलं; नर्स वाचणार, मी लिहिणार. मला एकही वाक्य धड लिहिता आलं नाही. बाई माझ्या मागे उभ्या राहून बघत होत्या. वर्ग सुटल्यावर म्हणाल्या, "तुम्ही थोडं थांबा."

मला वाटलं, आता त्या सांगणार की हे तुम्हाला जमणार नाही. नर्सही माझ्याबरोबर थांबली.

"वाचनात तुम्ही सगळ्यांच्या पुढे आहात," बाई म्हणाल्या. "आजच्या वाक्यांत कठीण शब्द नव्हताच. जे शब्द तुम्ही रोज वाचता, ते ऐकल्यावर का ओळखू येत नाहीत?"

"भीतीने होतं, बाई. डोकं बंद पडतं."

"असेल. आपण एक करू. मी मराठीत शब्द सांगते, तुम्ही लिहा. मराठीची तर भीती नाही ना?"

त्यांनी वर्तमानपत्राची घडी तोंडासमोर धरली आणि सुटे सुटे चार शब्द उच्चारले. सोपं होतं. मी लिहिलं आणि कागद पुढे सरकवला. बाईंनी तो वाचला, नर्सला दाखवला.

मी लिहिलं होतं, ताप, ताप, ताप, ताप.

"मी काय म्हटलं, सांगू?" बाईंनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "साप, ताप, काप, थाप."

त्यांचे ओठ दिसत होते तेव्हा चारही शब्द मला वेगळे ऐकू आले. त्यांनी पुन्हा वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं, पुन्हा तेच म्हटलं. मला नुसतं आप, आप, आप ऐकू येत होतं. कुणीतरी शब्दांची पुढची टोकं छाटून टाकावीत तसं. इंग्रजी येत नाही याची लाज मला आयुष्यभर होती, तिची सवयही झाली होती. पण माझ्या आईच्या भाषेतला साप मला ऐकू येत नव्हता.

नर्स म्हणाली, "ताई, कान तपासून घ्या. उद्याच घ्या."

बाई म्हणाल्या, "मराठीत तुम्ही अंदाजाने निभावून नेता. अर्धा शब्द ऐकला तरी पुढचं मन भरून टाकतं. इंग्रजीत तो अंदाज लागत नाही, म्हणून हे उघडं पडलं."

दादरहून लालबागपर्यंत मी बसच्या खिडकीशी बसून होते. शेजारच्या दोन बायका बोलत होत्या आणि मी त्यांच्या तोंडाकडे न बघता ऐकायचा प्रयत्न करत होते. नुसती गुणगुण यायची. आजवर मला वाटायचं, बसमध्ये असंच ऐकू येतं सगळ्यांना.

घरी मी काही बोलले नाही. माझे वडील गिरणीत साच्यांवर, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. साच्यांच्या त्या खडखडाटाने त्यांचे कान चाळिशीतच गेले. आम्ही भावंडं त्यांच्याशी ओरडून बोलायचो, मग ओरडायचा कंटाळा आला आणि बोलायचंच कमी केलं. घरात हसणं चालू असलं की ते विचारायचे, "काय म्हणतंस गो?" आणि आम्ही म्हणायचो, "काही नाही, बाबा." शेवटची काही वर्षं ते गॅलरीत खुर्ची टाकून खाली बघत बसायचे. त्यांना काय वाटत असेल, याचा विचार मी कधी केला नव्हता. आता दुसरा विचारच सुचत नव्हता. माझी मुलगी कॉलेजात, बारीक आवाजाची. गेले काही महिने ती सारखं म्हणायची, "आई, तीनदा सांगितलं तुला, लक्ष कुठे असतं तुझं?" आणि मग, "जाऊ दे." त्या 'जाऊ दे'ची मला फार भीती वाटायला लागली.

कानाच्या डॉक्टरांकडे एका बंद काचेच्या खोलीत बसवलं. कानावर हेडफोन, हातात बटण. "आवाज आला की दाबायचं, कितीही बारीक असला तरी." सुरुवातीचे जाड आवाज ऐकू आले, मी दाबत गेले. मग सगळं शांत झालं. काचेपलीकडची मुलगी तिच्या मशिनवर काहीतरी फिरवत होती, म्हणजे आवाज चालू असणार, आणि माझ्यापर्यंत काहीच येत नव्हतं. मी नुसती तिच्या बोटांकडे बघत बसले. एकदा तर काही ऐकू न येताच बटण दाबलं.

डॉक्टर म्हणाले, दोन्ही कानांना बारीक आवाज येत नाहीत, डाव्याला जास्त. "डावा-उजवा एवढा फरक आहे, तर एमआरआय काढून घेऊ. गाठ वगैरे नाही ना, तेवढं बघायला. बहुतेक नसतेच."

'बहुतेक नसतेच' मला ऐकू आलं की नाही, आठवत नाही. 'गाठ' मात्र स्वच्छ ऐकू आलं.

नर्सला फोन करून सांगितलं तेव्हा तिने पहिलं विचारलं, "घरी सांगितलंत, ताई?"

"नाही."

"मग आधी सांगा. मशिनमध्ये एकटं जायचं नसतं."

रविवारी सकाळी मुलगी क्लासला गेल्यावर मी नवऱ्यासमोर रिपोर्ट ठेवला. तो बँकेत कारकून, आकडे समजणारा माणूस. त्या खाली उतरत गेलेल्या रेषांवरून त्याने बोट फिरवलं.

"म्हणजे मी आतल्या खोलीतून बोलतो ते..."

"नाही येत ऐकू."

"मला वाटायचं, तू मुद्दाम उत्तर देत नाहीस." त्याने चष्मा काढला. "मला वाटायचं, मी काहीतरी केलंय आणि तू त्याचा राग धरून बसलीयेस. किती वर्षं!"

"मग विचारलं का नाही?"

"विचारलंही असेल. आतल्या खोलीतून."

आम्ही दोघंही हसलो. मग मला रडू कोसळलं आणि तो माझ्या शेजारी, नेमका डाव्या बाजूला येऊन बसला. मी त्याला हाताला धरून उजवीकडे आणलं.

एमआरआयच्या दिवशी मंगळसूत्र, बांगड्या सगळं त्याच्याकडे दिलं. आत आडवं झाल्यावर डोक्यावर पिंजऱ्यासारखं काहीतरी बसवलं, कानात कापूस आणि वर हेडफोन. मशिन ठोकायला लागलं. उरलंसुरलं ऐकणंही या आवाजाने जाईल, असं वाटायला लागलं. मध्येच ठोकणं थांबलं आणि हेडफोनमधून एक आवाज काहीतरी बोलला. मराठी होतं की हिंदी, तेही कळलं नाही. श्वास धरा म्हणाला, की सोडा म्हणाला? हलू नका, की संपलं? मी श्वास रोखून तशीच पडून राहिले. छाती फुटायची वेळ आली तेव्हा पुन्हा ठोकणं सुरू झालं. बाहेर आल्यावर त्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, "काही नाही, मावशी. बरं वाटतंय ना, एवढंच विचारलं."

रिपोर्ट यायचा होता त्या दिवसांत मी क्लासला गेले नाही. सिद्धिविनायकाला चालत गेले, तिथेही हात जोडून काय मागायचं ते सुचेना. कान मागू, की जीव मागू? घरात मुलीलाही सांगून झालं होतं. ती आणि नवरा माझ्यासमोर येऊन, तोंड दाखवून बोलायला लागले होते. दोघांचे चेहरे एवढे जवळून मी कितीतरी दिवसांत बघितले नव्हते. दोघंही घाबरलेले होते.

गाठ नव्हती. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरून सांगितलं, "क्लिअर आहे." नवऱ्याने त्यांना दोनदा विचारलं. वडिलांच्या कानांचं ऐकून डॉक्टर म्हणाले, त्याचा यांच्या कानांशी संबंध नाही. काहींचे कान लवकर थकतात, इतकंच. गेलेलं परत येणार नव्हतं, पण कानात यंत्रं लावून बरंच भागेल.

यंत्रं लावून रस्त्यावर आले आणि मी पुन्हा घाबरले. लालबागच्या पुलाखाली हॉर्न अंगावर धावून येत होते. घरी आले तर पिशवीचा कागद चुरचुरत होता, फोडणी तडतडत होती, माझ्याच चपला फटफटत होत्या. एवढा गोंगाट सगळ्यांना सहन होतो? दोन दिवस मी ती काढून डबीत ठेवली. मुलीने ती परत माझ्या हातात दिली. "आई, घाल ना. मला ओरडायचा कंटाळा आलाय गं," म्हणाली, आणि हे तिने हळू आवाजात म्हटलं होतं.

मी क्लासला परत गेले. बाईंनी नेहमीसारखं रेकॉर्डिंग लावलं आणि शब्दांच्या शेवटचे स, ट, क मला ऐकू यायला लागले. 'कॅन' आणि 'कान्ट' यांत फरक असतो, हे मी छापलेलं वाचत आले होते. ते कानाने पहिल्यांदा कळलं. तरी निम्म्या जागा चुकल्याच. बाई कागद तपासत म्हणाल्या, "या चुका कानाच्या नाहीत हं, या तुमच्या इंग्रजीच्या." मला इतका आनंद झाला, की नर्स माझ्याकडे बघतच राहिली. पुढे ती परीक्षा पास झाली आणि परदेशी गेली. अधूनमधून फोन करते आणि मुद्दाम इंग्रजीत बोलते.

बाईंनी माझ्याकडून एक वाक्य घोकून घेतलं होतं. मला कमी ऐकू येतं, जरा सावकाश बोलाल का? इंग्रजीत, न अडखळता, सॉरी न म्हणता. ऑफिसातल्या पुढच्या कॉलवर ते म्हणायची वेळ आली. स्क्रीनवर तोच माणूस होता. शेजारी साहेब बसलेले. मी वाक्य म्हटलं. तो खुर्ची पुढे ओढून कॅमेऱ्याजवळ आला आणि एकेक शब्द सुटा करून बोलायला लागला. मी लिहून घेतलं. एक कंटेनर नंबर चुकला, तो त्याने पुन्हा सांगितला.

डॉक्टर म्हणतात, कान आणखी उतरतील, पण हळूहळू. दरवर्षी तपासायचे. ती तारीख जवळ आली की माझी झोप उडते. काचेच्या त्या खोलीत बसले की आजही माझी नजर त्या मुलीच्या बोटांकडे जाते. मी बोटं बघते हे कळल्यापासून तिने मशिनसमोर एक पुठ्ठा उभा करून ठेवलाय. मग मी डोळे मिटते आणि बटणावर अंगठा ठेवून वाट बघत राहते.