दुसऱ्याचा सदरा

संयुक्त महाराष्ट्राच्या त्या वर्षांविषयी माझ्या वयाची माणसं बोलायला लागली की मी गप्प बसतो. कुणी लाठी खाल्लेली असते, कुणी तुरुंगात दिवस काढलेले असतात. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, फोर्टातल्या एका कचेरीत कारकून होतो. फाउंटनला गोळीबार झाला त्या दिवशी गडबडीची कुणकुण लागताच मी मागच्या जिन्याने उतरलो आणि मरीन लाइन्सच्या बाजूने गिरगावात घरी आलो. आईने दाराला कडी घातली. मी आतल्या खोलीत बसून राहिलो. घाबरलो होतो, एवढंच. त्याची मला फारशी लाज वाटत नाही. पुढे जे केलं ते मात्र भीतीपोटी केलं नव्हतं.

मला फोटोंचा नाद होता. मामाने दिलेला घडीचा कॅमेरा होता आणि रविवारी मी दादरला हौशी फोटोग्राफरांच्या एका मंडळात जात असे. तिथे एक स्पर्धा लागली. फोटो असा हवा की पाहताच त्यातली गोष्ट कळावी. मला लगेच सुचलं : जखमी गिरणी कामगार. मोर्चात डोकं फुटलंय, भिंतीला टेकून बसलाय, शेजारी डबा उघडा पडलाय. खऱ्या कामगारापुढे कॅमेरा धरायचं धाडस माझ्यात नव्हतं. म्हणून ठरवलं, आपणच बसायचं. कॅमेऱ्याला एक चावी होती. ती फिरवली की थोड्या वेळाने चाप आपोआप सुटायचा, तेवढ्यात धावत जाऊन जागा पकडायची.

आमच्याकडे पोळ्या करायला एक बाई येत. लालबागच्या एका चाळीत राहत. त्यांचे यजमान गिरणीत कापडाचे साचे चालवायचे. ते खोकल्याच्या आजाराने जाऊन सात-आठ महिने झाले होते. मी बाईंना विचारलं, त्यांचे कामावरचे कपडे दोन दिवस द्याल का, फोटोसाठी हवेत. कसला फोटो ते सांगितलं नाही. त्यांनी फक्त एवढं विचारलं, टोपीपण आणू का?

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवीतून सदरा, लेंगा, टोपी आणि पितळी डबा आणला. सदरा नीळ घालून धुतलेला आणि गादीखाली ठेवून घडी बसवलेला होता. कॉलरला वेगळ्याच कापडाचं ठिगळ होतं. ते सासूबाईंनी स्वतःच्या हाताने लावलंय, असं बाई म्हणाल्या. मी मान हलवली, पण मनात म्हणत होतो की इतका स्वच्छ सदरा माझ्या काय कामाचा.

आमच्या चाळीच्या गच्चीवर एक अडगळीची खोली होती. तिथे मी तो सदरा कोळशाच्या भुकटीत लोळवला. बाहीची शिवण ओढून उसवली. आईच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या डोक्याला बांधल्या आणि त्यावर कुंकवाचं पाणी शिंपडलं. वनस्पती तुपाचा रिकामा डबा कापून त्यात दिवा बसवला, पुढे तेल लावलेला कागद धरला, म्हणजे उजेड एका बाजूने मऊ पडेल आणि अर्धा चेहरा काळोखात राहील. आदल्या दिवशी मी बाईंकडून एक भाकरी मागून घेतली होती. त्यांना वाटलं मला खायची आहे. त्यांनी वर लोण्याचा गोळा ठेवून दिली. लोणी मी पुसून काढलं आणि भाकरीचे तुकडे करून जमिनीवर टाकले.

पहिला रोल फुकट गेला. काळ्यापांढऱ्या फोटोत कुंकू फिकट आलं, रक्त वाटेना. दुसऱ्या वेळी मी बुटाचं काळं पॉलिश तेलात कालवून पट्टीवर आणि सदऱ्याच्या छातीवर ओतलं. यावेळी जमलं. खाली झुकलेली मान, पट्टीवरून ओघळलेला काळा डाग, समोर भाकरी. फोटो धुताना मला माझाच अभिमान वाटत होता.

फोटोला दुसरं बक्षीस मिळालं. परीक्षक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, कोण हा? मी म्हणालो, 'लालबागचा आहे.' त्यांचे डोळे भरले होते. तेव्हाही मी खरं सांगितलं नाही.

सदरा धोब्याकडे दोनदा दिला. पॉलिशचा डाग गेला नाही. बाईंनी एकदा कपड्यांची चौकशी केली तेव्हा मी धोब्याकडे आहेत म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

गणपतीच्या दिवसांत काळाचौकीच्या एका मंडळाची मुलं फोटो मागायला आली. त्यांना मंडपात आंदोलनाचा देखावा करायचा होता. मी आनंदाने मोठी प्रत करून दिली. त्यांनी ती मंडपाच्या तोंडाशी लावली, वर बल्ब सोडला आणि हार घातला.

चारेक दिवसांनी पोळ्या झाल्यावर बाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. आई देवळात गेली होती. त्या दाराशी उभ्या राहिल्या आणि खाली बघत म्हणाल्या, 'भाऊ, मंडपातला तो फोटो तुमचाच ना?'

मी हो म्हणालो.

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांच्या सासूबाई मुलगा गेला तेव्हा गावीच होत्या, आता मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आल्या होत्या. नवा चष्मा लागला म्हणून बाई त्यांना गणपती दाखवायला घेऊन गेल्या. म्हातारीला चेहरा नीट दिसला नाही, पण कॉलरचं ठिगळ तिने ओळखलं. ती तिथेच खाली बसली. तेव्हापासून घरात एकच बोलणं चाललं होतं, की माझ्या मुलाला मारलं आणि सुनेने माझ्यापासून लपवलं. शेजारच्या चाळीतल्या दोघीतिघी म्हातारीचं सांत्वन करून गेल्या होत्या, तुमचा मुलगा हुतात्मा झाला म्हणून पाया पडून गेल्या होत्या.

'ते खोकल्याने गेले, भाऊ,' बाई म्हणाल्या. 'पाच महिने मी उशाशी बसून काढले. आता ते कुणालाच खरं वाटत नाही. तुम्ही येऊन सासूबाईंना एकदा सांगा.'

मी रविवारी येतो म्हणालो आणि गेलो नाही. सोमवारी अंगात कणकण होती म्हणून सांगितलं. त्यानंतर एक दिवस बाई पोळ्या करून झाल्यावर निघाल्याच नाहीत. पिशवी हातात घेऊन माझ्यासाठी जिन्यात उभ्या राहिल्या. मग जावंच लागलं. ट्राममध्ये त्या माझ्यापासून दोन बाकं पुढे बसल्या.

खोलीत म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. एका डोळ्यावर हिरवी चिंधी, दुसऱ्यापुढे जाड भिंग. मी समोर बसलो, घरून आणलेली लहान प्रत तिच्या हातात दिली आणि सांगितलं, आजी, हा मी आहे, तुमचा मुलगा नाही. तिने फोटो डोळ्याशी नेला, मग हात पुढे करून माझं कपाळ चाचपलं. बोटं केसांत शिरवून जखम शोधली. मी सांगितलं की जखम नव्हती, ते रक्तही नव्हतं, बुटाचं पॉलिश होतं.

तिने हात मागे घेतला. मग आपल्या मालवणीत मुलाच्या सदऱ्याचं विचारलं, 'मगे माज्या झिलाचो सदरो तुज्या आंगार कित्याक?'

'फोटोसाठी,' मी म्हणालो.

तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला. गेले काही दिवस तिचा मुलगा कशासाठी तरी मेला होता. मी येऊन त्याला पुन्हा खोकल्याने मारलं होतं. थोड्या वेळाने ती सुनेला म्हणाली, तेका च्या दी. बाईंनी चहा केला. तो मी प्यायलो, कारण नको म्हणायचं तोंड नव्हतं.

पिशवीत मी एक नवा सदरा नेला होता. तो मी शेवटपर्यंत बाहेर काढलाच नाही.

परतताना मंडपावरून गेलो. मंडळाचा एक कार्यकर्ता मला ओळखून पुढे आला आणि म्हणाला, लोक तुमच्या फोटोपाशी सर्वांत जास्त थांबतात. फोटो उतरवा म्हणायलाच मी तिथे गेलो होतो. पण का उतरवायचा ते सांगावं लागलं असतं. मी बरं म्हणालो आणि निघालो. विसर्जनापर्यंत तो तिथेच होता.

मला वाटलं होतं बाई आता काम सोडतील. त्यांनी सोडलं नाही. त्यांना काम हवं होतं. पुढची दोन वर्षं त्या रोज सकाळी येत राहिल्या. त्या विषयावर एक शब्दही बोलल्या नाहीत, ताटात पोळी वाढताना पूर्वीसारखंच आणखी एक घ्या म्हणत राहिल्या. मलाच ते झेपेना. कचेरीत काम वाढलंय असं आईला सांगून मी त्या यायच्या आत घराबाहेर पडू लागलो आणि कचेरी उघडेपर्यंत चौपाटीवर बसून राहू लागलो. आई कौतुकाने शेजारणींना सांगायची की आमचा मुलगा कामाला फार वाघ आहे.