दादाचे सात मिस्ड कॉल

जर्मनीत नोकरीला असताना एका रविवारी आसपासची लहान गावं बघायला निघालो होतो. तिसऱ्या गावात नदीकाठी फोटो काढायला फोन हातात घेतला, तर दादाचे सात मिस्ड कॉल. बाबांचं हृदयाचं ऑपरेशन होऊन जेमतेम महिना झाला होता. रेंज जेमतेमच होती. मी गावामागच्या चर्चच्या टेकडीवर धावत सुटलो आणि वर रेंज मिळताच फोन लावला.

"दादा, बाबा कसे आहेत?"

"अरे, त्यांनाच बोलायचंय. घे."

"जेवलास का रे?" बाबांनी विचारलं.

खाली लाल कौलांचं गाव उन्हात निवांत पसरलं होतं, पण माझ्या मनात एकच विचार घोळत राहिला. पुन्हा कधीतरी असेच फोन येतील, आणि मी असाच कुठल्यातरी सुंदर गावात फोटो काढत असेन.