लाटेच्या मागे झाडू

“आवो मॅडम, ठिवा तो झाडू! अजून कोपऱ्यावर बी नाय गेले ते!”

पाहुण्यांची रिक्षा फाटकातून हलली की शेजारणीची ही हाक कुंपणावरून यायचीच. निघालेला माणूस पोचेपर्यंत त्याच्यामागे घर झाडायचं नाही, प्रवासात विघ्न येतं, हा त्यांचा कायदा. पाहुण्यांची पाठ फिरताच बिस्किटांचा चुरा गोळा करायचा, हा माझा. तुम्ही दोघं परत निघालात की तुमचं विमान तिकडे उतरेपर्यंत दिवाणखान्यात शेंगांची टरफलं तशीच. जन्मभर इंग्रजी शाळेत भूगोल शिकवलेली तुमची आजी त्यांतून वाट काढत चालायची.

शेजारणीचं माहेर मेंढपाळांचं. “बाप मेंढरं घिऊन निघाला की माय केरसुणीला हात लावायची नाय,” त्या सांगायच्या. मी नाक मुरडलं की म्हणायच्या, “धूळ काय पळून जाती व्हय?”

त्या आता नाहीत. परवा फोनवर तुम्ही त्यांची आठवण काढलीत, म्हणून त्या सकाळचं सांगते.

तुमच्या गावासमोरच्या महासागराच्या पार पलीकडच्या टोकाला, समुद्राच्या तळाखाली मोठा भूकंप झाला होता. तुमच्या आईचा फोन आला: किनाऱ्यावर इशारा दिलाय, आम्ही टेकडीवरच्या शाळेत जातोय, काळजी करू नकोस. लाट तुमच्याकडे पोचायला अजून काही तास होते. मी शेजारणीला बोलावलं. घाबरले की मी शिकवते. दुसरं मला काही येत नाही. सतरंजीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं.

“हा समुद्र. तळ एकदम उचलला गेला की वरचं सगळं पाणी उचललं जातं.” मी माझं टोक झटकलं. उंचवटा पळत त्यांच्या हातापर्यंत गेला. “भर समुद्रात लाट विमानाच्या वेगानं जाते, पण इतकी पसरट, की जहाजाला कळतही नाही. किनाऱ्याशी पाणी उथळ झालं की ती मंदावते आणि उभी राहते.”

“म्हंजी निघालीय, पन पोचली नाय?”

“नाही.”

“मग झाडा की!”

मी सतरंजीची घडी घालू लागले. त्यांनी तोवर माझा झाडू उचलला होता. “तिच्या वाटंत इघ्न याया पायजेल ना? झाडा!”

मी अंधश्रद्धेबद्दल काहीतरी पुटपुटले आणि कपाटातून दुसरा झाडू काढला. आम्ही दोघी म्हाताऱ्यांनी घर झाडलं, अंगण झाडलं, मग पुन्हा घर. पलंगाखाली मी आपणहून शिरले. बाहेर मात्र त्यांनी ओढून काढलं.

फोन वाजला. बंदरातलं पाणी थोडं चढलं, होड्या हलल्या, पाणी ओसरलं. तुम्ही शाळेत सँडविच खात होतात.

“घालवली का नाय मॅडम आपण?”

“घालवली,” मी म्हणाले. भूगोलाची पदवी असून.

त्या हसल्या, आणि झाडू धरून तशाच उभ्या राहिल्या. “जिथनं निघाली, तिथं बी किनारा असंल?”

“आहे. तिथे ती लगेच पोचली असणार.”

“तिथल्या लेकरांचं काय झालं?”

मी माझा झाडू भिंतीला टेकवला.

“टीव्ही लावा,” त्या म्हणाल्या आणि खुर्ची असूनही जमिनीवर बसल्या. मीही शेजारी बसले. तिथे आमच्या ओळखीचं कुणीच नव्हतं. आम्ही चहासुद्धा न घेता तिथल्या लेकरांच्या खबरीची वाट बघत राहिलो.