सोनिकाचा पुढे येणारा हात

आमच्या सोनिकाला एक खोड आहे, आणि ती मीच लावली. दारात कोणी मोठं माणूस आलं की ही आधी त्याच्या हातातली पिशवी घेते. मग बसा म्हणते, मग पाणी. चार वर्षांची होती तेव्हा मी सांगितलं होतं, मोठ्या माणसाच्या हातात ओझं आणि आपले हात रिकामे, हे बरं दिसत नाही. पोरीनं ते असं धरलं की एकदा विजेचं मीटर पाहायला आलेल्या माणसाची पिशवी नेऊन आत ठेवली. तो बिचारा दोन घरं पुढं जाऊन परत आला.

आता नात तेवीस वर्षांची झाली. वर्धा रोडवरच्या एका सेंटरमध्ये विमानातल्या नोकरीचं शिकते. मला वाटायचं, काय असेल, केस बांधायचे, हसायचं, चहा द्यायचा. पण खरं शिक्षण निघालं दाराचं. विमानात आग लागली तर नव्वद सेकंदांत सगळी माणसं बाहेर काढायची. आधी खिडकीतून पाहायचं, त्या बाजूला तर आग नाही ना. मग दार उघडायचं, मग ओरडायचं. सामान कोणाचंच येऊ द्यायचं नाही, कारण एक पिशवी दारात अडकली की मागची माणसं आतच राहतात.

आणि इथंच पोट्टी चुकली.

सेंटरच्या शेडमध्ये विमानाचा एक कापलेला तुकडा आहे, त्यात परीक्षा होते. त्यांचा चौकीदार वामनराव म्हातारा प्रवासी झाला होता. तो पिशवी घेऊन दारात आला, तशी ही म्हणाली, "द्या बाबाजी," आणि पिशवी घेतली. त्याच्या मागच्या बाईचीही घेतली. दोन्ही हातांत पिशव्या, आणि ही दार अडवून उभी. शिट्टी वाजली.

रीना मॅडम म्हणून शिकवणारी बाई आहे. ती म्हणाली, "सोनिका, पाहुणे आले का वं तुझ्या घरी? मागं बघ. अकरा जण मेले."

ते अकरा जण सीटवर बसून हसत होते म्हणे. पण ही घरी आली ती न हसता. परीक्षा दोनदाच देता येते. दुसऱ्यांदा चुकली की नाव कटलं. माझा मुलगा चंद्रभान, सोनिकाचा बाप, गांधीबागेत कापडाच्या दुकानात असतो. तो चहा पिता पिता म्हणाला, "नाही जमलं तर कळमेश्वरच्या कारखान्यात ऑफिसची जागा आहे. मी बोलून ठेवलं आहे."

"बाबा, अजून परीक्षा झाली नाही."

"म्हणून तर आताच बोललो."

पोरीनं जेवणाचं ताट उचललं आणि उभ्यानंच खाल्लं.

शुक्रवारला दुसरी परीक्षा. मधले सहा दिवस घरात कोणाला चैन नव्हतं. ही हात पाठीमागं धरून ह्या खोलीतून त्या खोलीत फिरायची. मी बाजारातून आले, थैलीत भोपळा, तर ही दारात उभी राहून माझ्याकडं पाहत राहिली. घेतली नाही.

"काहून वं, भोपळा दिसत नाही का?"

"सवय मोडून राहिली, आजी. तू ने आत."

नेला. सवय तिची, कंबर माझी.

मग स्वयंपाकघराचं दार विमानाचं झालं. मी प्रवासी. माझ्या हातात पिठाचा डबा. तिनं ओरडायचं आणि मी डबा टाकून पळायचं.

"सामान छोडिए प्लीज! इधर आइए!"

"आगीत प्लीज?" मी म्हटलं. "पाठीला चटका लागून राहिला माझ्या. जोरात ओरड."

"तुझ्यावर नाही ओरडता येत वं."

"मग माझ्यासारख्या बाया काय विमानात बसत नाहीत?"

ती ओरडली, पण आवाज घशातच राहिला. शेवटी एकदा जोरात निघाला, तर शेजारची प्रेमलता आग लागली समजून बादली घेऊन धावत आली. तिला बसवून चहा पाजावा लागला. अन् तिच्या हातातली बादली कोणी घेतली? सोनिकानं. लक्षातही नाही आलं तिच्या. बादली खाली ठेवल्यावर ती आपल्या हाताकडं पाहत राहिली.

शुक्रवारी घरच्या लोकांना बोलावलं होतं. ज्यांनी कधी विमान आतून पाहिलं नाही असे प्रवासी मॅडमला पाहिजे होते. म्हणजे मीच. शिकवणाऱ्या बाईकडं रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून मी लिंबाच्या लोणच्याची बरणी घेतली, मुरलेली, दोन उन्हाळे पाहिलेली. कापडी पिशवीत घालून मांडीवर घेतली आणि त्या तुकड्यात सहाव्या रांगेत बसले.

रीना मॅडम पट्टे तपासत आली. "आजी, काय आहे ह्यात?"

"लोणचं. तुमच्यासाठीच आणलं."

ती खाली वाकली आणि हळूच म्हणाली, "आता देऊ नका. घट्ट धरून ठेवा. कोणी म्हटलं तरी सोडायची नाही. आणि नातीले सांगायचं नाही."

पुढं दाराजवळ सोनिका बसली होती, पाठ ताठ, हात मांडीखाली दाबलेले. तिनं मला पाहिलं. मग पिशवी पाहिली. डोळ्यांनीच विचारलं, हे काहून आणलं? मी खिडकीकडं तोंड केलं. खिडकीच्या बाहेर शेडचा पत्रा.

भोंगा वाजला, दिवे गेले, पांढरा धूर सुटला. तो खोटा, पण खोकला खरा आला. सोनिका उठली, खिडकीतून पाहिलं, दार उघडलं. "सामान छोडो! इधर आओ! कूदो!" आवाज घशातून सुटला होता. माणसं धावली. मीही निघाले. बरणी छातीशी.

तेवढ्या चार पावलांत माझ्या मनात आलं, टाकून देऊ का पिशवी? धुरात मॅडमला काय दिसतं? पोरीचं काम होऊन जाईल. पण मग वाटलं, उद्या खरंच आग लागेल आणि कोणी माझ्यासारखीच अडेल बाई दारात येईल, तिला कोण सांगणार आहे सोड म्हणून? मी बरणी आणखी घट्ट धरली.

सोनिका समोर. तिचा हात पुढं आला, तळवा वर. अगदी आपल्या दारात येतो तसाच. बाप्पा, गेलं, मला वाटलं. कळमेश्वर.

मग तोच हात पिशवीच्या बंदांवर पडला आणि असा हिसका बसला की माझी बोटं सुटली. पिशवी तिनं बाजूच्या रिकाम्या कोपऱ्यात भिरकावली. "सोड म्हणते ना! कूद!" आणि पाठीत धक्का.

खाली जाड गादी होती. मी तिच्यावर बसकण मारली, लुगडं गुडघ्यावर. मागं बरणी फुटली होती, आणि धुरात लोणच्याचा वास. लोक शिंकत शिंकत उड्या मारू लागले. सगळ्यांच्या शेवटी सोनिका.

शिट्टी वाजली. रीना मॅडमनं घड्याळ पाहिलं. "ब्याऐंशी सेकंद. आत कोणी नाही." मग माझ्याकडं पाहून म्हणाली, "लोणचं मेलं."

सोनिका पास झाली. ते ऐकून ती आधी माझ्याकडं आली. "लागलं का वं?"

"बरणीले लागलं."

ती खाली बसली आणि माझ्या पायांवरचं लुगडं सारखं करत राहिली, जसं काही तेच काम राहिलं होतं.

संध्याकाळी चंद्रभान दुकानातून आला. हातात संत्र्यांची थैली. त्याच्या तोंडून काही निघायच्या आधीच पोरीनं ती घेतली, आणि दारातच थबकली. "आजी, पुन्हा घेतली मी."

"घरात आग कुठं लागली?" मी म्हटलं. "ठेव आत."

ठेवली. तरी दोन वेळा दाराकडं वळून पाहिलं तिनं. आता पुढच्या महिन्यात नोकरीसाठी हैदराबादला जाणार. आमच्या छतावरून विमान गेलं की ती मान वर करत नाही, मी करते. आणि परवा एका लग्नाच्या हॉलमध्ये बसले, तर आधी दारं कुठं कुठं आहेत ते पाहून घेतलं, मगच जेवले.