शालीखालचे थेंब

पुढचे किस्से मला नीट आठवतात, असं माझं मत आहे. बायकोचं मत वेगळं आहे. ती म्हणते, "यातलं निम्मं तुम्ही सांगून सांगून तयार केलंय." असेलही. जन्मभर बायोकेमिस्ट्री शिकवली, पण अजून दाराला कुलूप लावलं की नाही हे बघायला गल्लीच्या टोकावरून परत येतो. अशा माणसाच्या आठवणीवर किती विसंबायचं ते तुम्ही ठरवा.

शिवाय आमच्या प्रयोगशाळेतले किस्से साचायचेही विचित्र पद्धतीनं. आम्ही ज्या थेंबांचा अभ्यास करायचो, अगदी तसेच. दोन छोटे जवळ आले की त्यांचा एक मोठा होतो, आणि मग कुठला भाग कुणाचा हे कुणालाच सांगता येत नाही!

थेंबांचं आधी सांगतो. काही प्रोटीन पाण्यात छान विरघळलेली असतात, पण थोडं थंड केलं की एकमेकांकडे ओढली जातात आणि त्यांचे बारीक थेंब होतात. पाण्यातच, पण पाण्यापासून वेगळे. आपल्या पेशींच्या आतही असे थेंब असतात. त्यांना ना भिंत, ना दार, तरी आत प्रोटीनची दाटी. आणि त्या दाटीतही ती निवांत फिरत असतात!

नगरच्या आमच्या कॉलेजात या विषयावर एकच पीएच.डी. चालू होती, वैशालीची. माहेर पाथर्डीकडचं, सासर देवळाली प्रवरा. राहुरीकडच्या एका कॉलेजात तिची नोकरी पक्की व्हायची होती आणि ती या पदवीपाशी येऊन अडली होती. त्यामुळे थेंब स्लाइडवर आणि तिची नोकरी त्या थेंबांवर!

* * *

एकदा तिचे सासरे, ज्यांना ती मामा म्हणायची, उसाचं काम उरकून थेट प्रयोगशाळेत आले. "सूनबाई इतकी वर्सं काय करती ते तरी बघू द्या."

वैशालीनं मायक्रोस्कोप लावून दिला. मामांनी बराच वेळ डोळा लावला.

"ह्यो तर रश्श्यावरचा तवंग हाय!"

वैशाली खूश झाली. "बरोबर, मामा! तेलाचे दोन थेंब जवळ आले की एक होतात ना, तसंच हे."

"मंग घरी लई हाय की. हितं कशाला आलीस?"

मी मध्ये पडलो. पेशी, प्रोटीन, दाटी, सगळं समजावलं. मामांनी मान डोलावली. मला वाटलं, पोचलं.

पोचलं होतंच. पुढच्या लग्नसराईपर्यंत अख्ख्या पंचक्रोशीत झालं, की अमक्यांची सून रश्श्यात डॉक्टर होतेय. लग्नात आचारी तिला मांडवातून उठवून न्यायचे. "ताई, तर्री जमली का तेवढं बघा!"

आणि ती बघायची. म्हणायची, "सर, नाही म्हटलं तर मामांचा अपमान होतो."

* * *

थेंबाच्या आत प्रोटीन फिरतात हे सिद्ध करायला एक सुंदर प्रयोग आहे. प्रोटीनला चमकणारा रंग लावायचा, लेसरनं थेंबाचा एक ठिपका विझवायचा आणि वाट बघायची. आजूबाजूची प्रोटीन तिथे सरकली की ठिपका पुन्हा उजळतो. आमच्याकडे तसला लेसर नव्हता. त्यामुळे वैशाली शीतपेटी घेऊन एसटीनं पुण्याला जायची.

केडगाव मागे पडलं की ती एक नळी बाहेर काढून तपासायची. थंड असताना नळीतलं पाणी दुधासारखं पांढरं, कारण थेंब झालेले. मुठीत धरून ऊब दिली की थेंब विरघळणार आणि पाणी नितळ होणार. झालं, म्हणजे माल शाबूत!

एकदा शेजारच्या आजींनी हे पाहिलं.

"पुन्यांदा कर गं, बाई."

वैशालीनं नळी पेटीत ठेवली, पांढरी झाल्यावर काढली, मूठ मिटली, उघडली. नितळ!

आजींनी तिचा तो हात धरला आणि आपल्या दुखऱ्या गुडघ्यावर ठेवला. मागच्या सीटवरची बाई पोराला घेऊन पुढे आली. वैशाली विज्ञान सांगतेय, आणि बसमधली रांग वाढतेय! कंडक्टर ओरडला, "ओ मॅडम, पॅसेंजर उभे राहू देऊ नका!" आणि थोड्या वेळानं हळूच, "माझ्या खांद्याचं बघता का?"

पुण्यात उतरली तेव्हा एका हातात शीतपेटी आणि ओढणीत आजींनी भरलेली शेंगदाण्यांची ओटी. परत आल्यावर तिनं हे सांगितलं तेव्हा मी रागावलो. "अगं, आपण अंधश्रद्धेच्या विरोधात व्याख्यानं देतो!"

"सर, मी पण तेच सांगत होते. पण त्यांचा गुडघा दुखायचा खरंच थांबला."

* * *

पुण्याहून आलेले फोटो देखणे होते. काळ्या पार्श्वभूमीवर हिरवे चमकणारे गोल थेंब. प्राचार्य म्हणाले, "फ्लेक्स करू!" मग म्हणाले, "पण नुसते थेंब कोण बघणार? प्रत्येक थेंबात एक विश्वस्त टाका."

माझं कोण ऐकतं? टाकले. मोठ्या थेंबात अध्यक्ष, मग उतरत्या क्रमानं बाकीचे. आमचे दोन विश्वस्त एकमेकांचे साडू, आणि दोघांचं बोलणं बंद. फ्लेक्सवर दोघांचे थेंब शेजारी आले.

उद्घाटनाला मी विषय सोपा करून सांगितला. आयुष्यात इतकं सोपं कधी बोललो नसेन. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी त्या दोघांतले थोरले साडू माझ्या केबिनमध्ये आले आणि दार लोटून घेतलं.

"सर, तुम्ही काल म्हणालात, जवळ आले की एक होतात."

"हो."

"मग आमच्या दोघांत अंतर वाढवा. उद्या काही झालं तर?"

फ्लेक्स नव्यानं छापला!

* * *

आता वैशालीच्या व्हायव्हाचं.

बाहेरच्या परीक्षकांनी अहवालात लिहिलं होतं, की हे थेंब नाहीतच, नुसता गाळ आहे. द्रव असेल तर दोन थेंब एक होताना दिसले पाहिजेत. आम्ही व्हिडिओ पाठवला. त्यांचा फोन आला, "व्हिडिओत काय हो, काहीही दाखवता येतं! मी स्वतःच्या डोळ्यांनी बघेन, तरच सही. नाहीतर सगळं काम पुन्हा."

पुन्हा म्हणजे वैशालीची नोकरी गेली.

अडचण अशी, की आमचे थेंब जेमतेम अर्धा तास पातळ राहायचे. मग आतली प्रोटीन एकमेकांत अडकून थेंब घट्ट व्हायचा. घट्ट थेंब शेजाऱ्याला चिकटतो, पण त्याच्यात मिसळत नाही. शिल्लक प्रोटीन तीन स्लाइडपुरतं.

परीक्षक आले. वैशालीनं पहिली स्लाइड लावली. प्राचार्य म्हणाले, "आधी सत्कार!" थोरल्या साडूंनी शाल घालून सत्कार केला, प्रास्ताविक झालं, संस्थेचा इतिहास झाला. पहिली स्लाइड घट्ट.

दुसरी लावली. तेवढ्यात धाकटे साडू शाल घेऊन उभे राहिले. "थोरल्यांनी घातली, मग आम्ही काय पाप केलंय?" त्यांचंही भाषण झालं. दुसरी घट्ट.

वैशालीनं तिसरी, शेवटची स्लाइड लावली. आमचे प्रयोगशाळा सहायक रफिकभाई दारात आडवे उभे राहिले. "सर, आता कुणाला आत सोडत नाही. अध्यक्ष आले तरी!"

रफिकभाईंनी काळे पडदे ओढले होते, तरी परीक्षकांना उजेड खुपत होता. त्यांनी अंगावरची शाल डोक्यावरून पुढे घेतली आणि मायक्रोस्कोपसकट स्वतःला झाकून घेतलं. जुन्या फोटोग्राफरसारखे दिसत होते.

"थेंब आहेत," शालीतून आवाज आला. "पण लांब लांब आहेत."

वैशालीनं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

आणि वीज गेली.

एसी थांबला, पंखा थांबला, खोलीत मिट्ट काळोख. बाहेरून कुणीतरी ओरडलं, "गेली!" मला वाटलं, आता शाल बाजूला होणार आणि सगळं संपणार.

शाल हलली नाही.

"थांबा," परीक्षक म्हणाले. "कुणी बोलू नका. जवळ येतायत."

शाल आणखी पुढे झुकली.

"टेकले… टेकले! आता मधे कंबर दिसतेय… भरत आली… झाले! एक झाले! अगदी गोल! वा, बाई, वा!"

प्राचार्यांनी काळोखातच टाळ्या वाजवल्या. रफिकभाईंनी मोबाईलचा टॉर्च धरला, परीक्षकांनी त्या उजेडात सही केली. वैशाली रडत होती. वीज आली तेव्हा मी स्लाइड बघायला धावलो, पण रफिकभाईंनी आनंदाच्या भरात ती धुऊन टाकली होती.

वैशालीची नोकरी पक्की झाली. आम्ही दोघं त्या दिवसाबद्दल पुन्हा कधी बोललो नाही. मी स्वतःची समजूत घालत राहिलो, की मायक्रोस्कोप इन्व्हर्टरवर असणार. त्याचा दिवा चालूच असणार, शालीमुळे आम्हाला दिसला नाही, एवढंच.

मी निवृत्त झाल्यावर बऱ्याच वर्षांनी त्या खोलीसकट सगळ्या इमारतीचं वायरिंग बदलायला काढलं. मुद्दाम बघायला गेलो. भिंती उकरलेल्या होत्या. वायर बोटानं धरून टोकापर्यंत चालत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. इन्व्हर्टरची लाइन ऑफिसातून निघते, प्राचार्यांच्या पंख्यापर्यंत जाते आणि तिथेच संपते.