थंड्या अलमारीचं दार

महेबूब धाराशिवात टांग्याचे टप आणि घोड्यांची खोगिरं शिवायचा. त्याच्या हाताखाली कातडंसुद्धा कापडासारखं वळतं, असं टांगेवाले म्हणत. माणूस अबोल. दिवसभर मान खाली घालून टाके घालणारा.

१९४४च्या उन्हाळ्यात मुन्सफसाहेबांनी त्याला घरी बोलावलं. साहेब निजाम सरकारच्या न्यायखात्यातून निवृत्त झालेले, बायको वारलेली, घरात एकुलती एक मुलगी नूरुन्निसा. टांग्याचं काही काम असेल म्हणून महेबूब गेला, तर साहेबांनी त्याला जेवणाच्या खोलीत एका पांढऱ्या लोखंडी कपाटापुढं नेऊन उभं केलं. हैदराबादेहून आणलेलं ते कपाट सगळ्या मोहल्ल्यात 'थंडी अलमारी' म्हणून ठाऊक होतं. बुडाशी रॉकेलचा दिवा जळायचा आणि आत गारवा व्हायचा. तो कसा होतो हे कुणाला सांगता यायचं नाही.

"दार नीट बसत नाही. बघा तुम्ही," साहेब म्हणाले.

महेबूबनं दाराच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं. चारी बाजूंनी बसवलेलं रबर वाळून लाकडासारखं झालं होतं. बिजागरीकडं भेगा पडल्या होत्या आणि खालच्या कोपऱ्यात करंगळी जाईल एवढी फट होती.

"भाइरची झळ आत जाती साहेब. दिवा कितीबी मोठा करा, उपेग न्हाय."

"मुंबईला लिहिलं होतं. लढाईमुळं रबर मिळत नाही म्हणतात." साहेबांनी आवाज खाली आणला. "नुसतं सरबत गार करायचं असतं तर तुम्हाला तसदी दिली नसती. आत नूरचं औषध असतं."

वरच्या फळीवर अंगठ्याएवढ्या तीन बाटल्या होत्या. नूरुन्निसा सोळा वर्षांची. चार वर्षांपूर्वी तिला साखरेची बिमारी जडली होती. रोज दोनदा सुई टोचून ते औषध घेतलं तरच ती जगणार होती, आणि उन्हाळ्यात बाहेर राहिलं तर औषध नासायचं. त्या महिन्यात दोन बाटल्या वाया गेल्या होत्या.

तेवढ्यात नूरुन्निसाच पडद्याआडून बाहेर आली. हडकुळी पोर, पण डोळे हसरे. "चाचा, घोड्याला खोगीर शिवता तसं हिला शिवा. पण लगाम नको, पळून जायची नाही ती."

महेबूबला हसू आलं. त्याला मूलबाळ नव्हतं. कारागिराशी इतकं मोकळं कुणी बोलत नसे.

कडेची पत्र्याची पट्टी उघडून, एकेक स्क्रू वाटीत ठेवत, त्यानं जुनं रबर सोडवलं. बाजारातून मोटारीच्या फाटक्या ट्यूबचा तुकडा आणला, मापानं कापला आणि बसवला. दार मिटलं, पण कोपऱ्यात रबर ताठ राहिलं. नूरुन्निसानं वहीचा कागद फाडून दारात धरला आणि ओढला. कागद अलगद बाहेर आला.

"इथून कागद येतोय म्हणजे हवा पण येणार, चाचा."

महेबूब तसाच घरी गेला. बायको शरिफाबीनं ताट वाढलं, तर घास हातात धरून तो बसून राहिला. रबर दाबलं की दबलं पाहिजे आणि सोडलं की फुगलं पाहिजे, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत होतं. खोगिराखाली घोड्याच्या पाठीला लागू नये म्हणून तो लोकर भरायचा. ती लोकर तामलवाडीचा सिदू धनगर आणून द्यायचा. महेबूब ताटावरून उठला. सायकलची ट्यूब घेऊन तिच्यात त्यानं मऊ पिंजलेली लोकर भरली, स्क्रूसाठी कडेनं किरमिचाच्या जाड कापडाची पट्टी शिवली. कोपऱ्यांवर तिरपा छेद देऊन सायकलवाल्याच्या सोल्युशननं जोड चिकटवले. या कामात तीन दिवस गेले.

चौथ्या दिवशी नवं रबर बसवून दार लोटलं, तर ते हलकेच आवाज करून चिकटलं. नूरुन्निसानं चारी बाजूंनी कागद लावून ओढला. शेवटी कागदच फाटला. ती टाळ्या पिटत अंगणभर फिरली, आणि महेबूब पटक्याच्या शेवानं उगाचच कपाळ पुसत राहिला.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात तो आपण होऊन जायचा, रबर चाचपायचा, एखादा जोड उकलला असला तर चिकटवायचा. नूरुन्निसा त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवायची. शरिफाबी तिच्यासाठी ज्वारीच्या पातळ भाकरी पाठवायची. चार वर्षांत एकही बाटली नासली नाही.

मग १९४८ साल आलं. निजामाचं राज्य आणि हिंदुस्थान यांच्यामधली सरहद्द बंद झाली, सरहद्दीवरच्या गावांत जाळपोळ आणि मारामाऱ्या सुरू झाल्या. सोलापूरचा माल येईना. रॉकेल मिळेना, आणि नूरुन्निसाचं औषधही तिकडूनच यायचं. हैदराबादेला लिहिलेल्या पत्राचं उत्तर आलं नाही. शेवटच्या बाटलीतलं औषध साहेब निम्मं निम्मं टोचू लागले.

महेबूब गेला तेव्हा नूरुन्निसा खाटेवर होती. सारखी पाणी मागत होती. अलमारी उघडून त्यानं पाहिलं. उरल्यासुरल्या रॉकेलवर दिवा अजून जळत होता, आत गारवा चांगला होता. फळ्या रिकाम्या होत्या.

"साहेब, डाक्तरची चिठ्ठी द्या. म्या सोलापूरला जातो."

"वाटेत काय चाललंय ठाऊक आहे ना?"

"ठावं हाय."

तो चालत सरहद्दीजवळच्या तामलवाडीला गेला. सिदूनं सगळं ऐकून घेतलं आणि त्याच्या डोक्यावर घोंगडीची खोळ घातली. "वाटंनं कुणी पुसलं तर तुमी बोलू नगा. म्या बोलतो." भर दुपारी मेंढरांच्या मागून दोघं सरहद्दीपलीकडं गेले. सोलापुरात दोन दिवस दुकानं हिंडल्यावर दोन बाटल्या मिळाल्या. ओल्या फडक्यात गुंडाळून, मातीच्या गाडग्यात ठेवून महेबूबनं त्या आणल्या. वाटेत दर विहिरीवर तो फडकं भिजवत होता.

सातव्या दिवशी तो साहेबांच्या दारात आला. ओसरीवर माणसं बसली होती. पायरीखाली चपलांचा ढीग दिसला तेव्हा त्याचे पाय जागीच थांबले.

साहेब उठून आले. "काल दुपारच्या नमाजानंतर दफन केलं," ते म्हणाले. "शेवटपर्यंत विचारत होती, चाचा आले का."

महेबूबनं गाडगं पुढं केलं. साहेबांनी गाडगं दोन्ही हातांनी घेतलं आणि तिथंच खाली बसले. दुसऱ्या दिवशी त्या बाटल्या त्यांनी सरकारी दवाखान्यात दिल्या. घरी महेबूबनं दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. शरिफाबी शेजारी बसून राहायची, जेवा म्हणायचीही नाही.

पंधरवड्यानं सिदू दुकानात आला. लोकर आणली नव्हती. इतक्या लांबून तो नुसता विचारायला आला होता.

"पोरीला उतार पडला न्हवं?"

महेबूबनं सुई ठेवली. "आपल्याला एक दीस उशीर झाला, सिदू."

सिदू खाली बसला. बराच वेळ त्यानं घोंगडीची दशी बोटाला गुंडाळली, सोडली. मग म्हणाला, "मेंढरं हळू चालली. म्या लई हाणली, पर ती तरी किती पळणार."

"तुजा काय दोस न्हाय रं," महेबूब म्हणाला, आणि इतक्या दिवसांत न आलेलं रडू त्याला तिथं दुकानात, येणाऱ्या-जाणाऱ्यांदेखत आलं.